भुरीची गव्हाण

मित्रांनो, गुरं जिच्यात चारा खातात ती जुनी लाकडी गव्हाण आहे मी. बरगी गावाकडे वादळात मोहाचं एक झाड पडलं. सुतारानं त्याच्या बुंध्याचं पोट कोरलं, अन् मी झाले. कडा काही सरळ आल्या नाहीत. सुताराचा हात चांगला होता, लाकूडच आडमुठं.

तिथून रांझी गावाला भय्यासाहेबांच्या गोठ्यात आले. किती म्हशी माझ्यात जेवल्या, सांगता यायचं नाही. त्यांनी चाटून चाटून मला आतून असं गुळगुळीत केलंय की रंध्यानं काय होईल! कौतुक मात्र कोणी केलं नाही. शेणाचा हात पुसायलाही मीच.

मग एका डिसेंबरात बेबीताई आल्या. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतात. चर्चमध्ये बड्या दिवसाची, म्हणजे नाताळची झाकी, येशूजन्माचा देखावा, त्याच सजवतात.

"भय्यासाहेब, दरवर्षी आमचा बाळ येशू थर्मोकोलमध्ये निजतो. यंदा खरी गव्हाण पाहिजे मला."

"ही? अहो, वास येऊन राहिला तिला."

"येऊ द्या. तेव्हाच्या गव्हाणीला काय अत्तर लावलं होतं?"

भय्यासाहेब हसले. "न्या मग. ही आमच्या भुरी म्हशीची, पण ती व्यायला अजून वेळ आहे, तोवर रानात चरेल. नवीन साल झालं की आणून द्या."

चर्चमध्ये बेबीताईंचा भाचा आल्हाद सोनेरी रंगाचा डबा घेऊन माझ्यापाशी बसला.

"काहून रे, रंगवून राहिला?"

"चमकेल ना मावशी. देवाची जागा आहे."

"देवाला चमचम पाहिजे असती तर राजवाड्यात जन्मला असता. कोणी अडवलं होतं? त्याच्या आईबापाला कुठं जागा मिळाली नाही, अन् तो गुरांच्या जागेत आला. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको, की मी गरीब, माझ्याकडे काय देव येईल. झाक तो डबा."

बाई शाळा किती शिकली, मला ठाऊक नाही. पण असं बोलणं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मी तशीच, ओबडधोबड, झाकीच्या मधोमध बसले. पोटात मऊ गवत, त्यावर बाळ. खरं सांगते, जरा फुगलेच होते.

अन् बड्या दिवसाच्या आदल्या दुपारी बेबीताई तरातरा आल्या.

"आल्हाद, बाळाला काढ. गव्हाण उचल."

झालं होतं असं, की भुरी वेळेआधी व्याली. भय्यासाहेबांनी घमेल्यात चारा दिला, टोपलीत दिला. तिनं तोंड लावलं नाही. म्हशीला आपली जागा लागते. आईच खाईना, तर दूध कुठून उतरणार? पारडू मान टाकून पडलं होतं. भय्यासाहेब आतल्या आत तळमळत होते, पण दिलेली वस्तू दुसऱ्याच्या सणात मागायची कशी? बेबीताई दूध घ्यायला गेल्या, अन् भुरीची चरवी रिकामी पाहून त्यांनीच खोदून खोदून विचारलं.

आल्हाद रडकुंडीला आला. "मावशी, उद्या लोक येतील. बाळाला ठेवायचं कुठं?"

"खाली, गवतावर."

"अन् झाकी?"

"अरे, मुक्या जनावराचा घास अडवून बाळाला निजवलं, तर झोप लागेल का त्याला? चल, धर तिकडून."

हातठेल्यावर घालून मला गोठ्यात आणलं. भय्यासाहेबांनी लगेच चारा कापायला घेतला. मला भरलं. भुरीनं हुंगलं अन् तोंड फिरवलं. माझ्या अंगाला मेणबत्तीचा वास लागला होता ना! बेबीताई तिथंच उकिडव्या बसल्या, तिच्या गळ्याखाली खाजवत. "खा गं बाई, तुझीच आहे ती." बराच वेळ गेला. मग भुरीनं जीभ काढून माझी एक कड चाटली, अन् एक घास घेतला. मग दुसरा.

सकाळी प्रार्थना सुटल्यावर, बाळ गवतावर का ते बेबीताईंकडून ऐकून, चर्चची माणसं नव्या कपड्यांत गोठ्यात आली. पारडू आईच्या कासेला लागलेलं होतं, शेपूट हलवून राहिलं होतं. भय्यासाहेबांनी खुर्च्यांसाठी धावपळ केली, पण कोणी बसलं नाही. उभ्याउभ्याच येशूजन्माचं गाणं म्हटलं.

मित्रांनो, घरी चांदणी लावा, केक खा, मजा करा. फक्त तुमच्या सजावटीपायी कोणाची गव्हाण अडकली असेल, तर त्यानं मागायची वाट पाहू नका. गव्हाण जड असते खरी, पण दोघं लागले की उचलली जाते.