गरम टाकीतल्या आया

“मावशी, गरम टाकीतल्या आया आधी फोडा,” डॉक्टर हेवॉन म्हणाली.

ओकबुननं चाकू फटीत घातला, मनगट वळवलं, कालव उघडलं. कल्ले एका कुपीत, कडेची झालर दुसरीत, स्नायू तिसरीत, अंडी पाण्यात. तोंग्योंगच्या किनाऱ्यावर तिचा जन्म कालवं फोडण्यातच गेला होता. आधी बाजारासाठी, आता या संशोधन केंद्रासाठी. इथं निदान पाठीशी कोणी ओरडत नसे.

“या बिचाऱ्यांना गरम पाण्यात कशाला छळलंत हो?”

“पिल्लांसाठी. कल्ला काय नि स्नायू काय, डीएनए एकच. पण त्यावर मिथाईल नावाच्या रसायनाच्या बारीक खुणा असतात, त्या अवयवागणिक निराळ्या. आईनं सोसल्याची खूण अंड्यातून पिल्लात उतरते का, ते बघायचंय मला.”

ओकबुनचा हात थांबला. तिची लेक मिरान पोटात होती त्या साली नवऱ्याची होडी परतलीच नाही. सासू रोज बजावायची, “पोटुशीनं रडू नये गं, वेडंवाकडं फळसुद्धा खाऊ नये!” फळं ओकबुननं निवडून खाल्ली. रडणं मात्र आवरलं नाही. आणि मिरान बोलायला लागली ती अडखळतच. शाळेत पोरं तिची नक्कल करायची, तेव्हा ओकबुन मनाशी म्हणायची, पाप माझं, भोगतेय लेक. हे तिनं कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

“मग उतरते का?” तिनं विचारलं.

हेवॉननं वर पाहिलं. मिरानला ती ओळखत होती. “काही खुणा पिल्लू घडताना पुसल्या जातात, नव्या उमटतात. काही टिकत असाव्यात. पण मावशी, हे कालवांचं हं. माणसाचं मी छातीठोक नाही सांगणार.”

“खोटं तरी बोलायचं, बाई!”

“तुमच्याशी? नाही जमत हो.”

दुसऱ्या दिवशी हेवॉननं तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. दोन बशा, दोन्हींत पिल्लं गरगर पोहत होती.

“यांतली गरम टाकीवाल्यांची कुठली?” ओकबुननं विचारलं.

“नुसतं बघून मलाही नाही कळत,” हेवॉन म्हणाली.

ओकबुननं दोन्ही बशा आळीपाळीनं पुन्हा पाहिल्या, तिलाही फरक दिसेना. जेवणाच्या सुट्टीत केंद्रात कामाला येणाऱ्या सगळ्या बायका भाताचे डबे उघडून बसल्या, तेव्हा तिनं तिथूनच पुसानला लेकीला फोन लावला.

“मिरान, तू पोटात होतीस ना, तेव्हा मी फार रडले गं. म्हणून तुझी जीभ…”

“मा… माहितीये. आ… आजी सांगायची.”

“अगं मग कधी बोलली का नाहीस?”

“त्यात का… काय बोलायचं? त्या व… वर्षी तू ए…”

शब्द अडला. एरवी ओकबुन चटकन तिचं वाक्य पुरं करून टाकायची. दुकानात, बसमध्ये, पाहुण्यांसमोर. आज तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. शेजारची काहीतरी विचारायला गेली, तिला हातानंच गप्प केलं.

“…ए… एकटी नव्हतीस,” मिरान म्हणाली. “मी हो… होते की आत.”

“होतीस गं बाई, होतीस,” ओकबुन म्हणाली, आणि सगळ्यांदेखत खुशाल रडली.