श्वानानंदांचं लिंबू

गारखेड्याच्या मैदानावर त्या रविवारी माणसं जास्त होती की कुत्री, हे सांगणं अवघड होतं. सोसायट्यांमधली गुबगुबीत लॅब्रॅडॉर होती, गळ्यात घुंगरू बांधलेली पामेरियन होती, हॉटेलच्या उष्ट्यावर वाढलेली गावठी होती. पैठण रस्त्याला मेंढरं बसवलेला मुंजाबा आपल्या लांडग्याला घेऊन आला होता. लांडग्या हे कुत्र्याचंच नाव. लांडग्यांनी भ्यावं म्हणून ठेवलेलं.

मांडवात धूप कोंदला होता. मधोमध चौरंगावर श्वानानंद महाराज. काळी कफनी, हातभर कवड्यांची माळ, पायाशी एक काळंभोर कुत्रं आणि तोंडासमोर माइक.

"माउलींनो, माणूस खोटं बोलतो. डॉक्टर खोटं बोलतो. कंपनी तर जन्मजात खोटं बोलते! पण मुकं जनावर? मुकं जनावर कधी खोटं बोलत नाही. विचारा त्यालाच!"

आणि मग ते त्यालाच विचारायचे. दोन वाडगे मांडले जायचे. डाव्या वाडग्यात दुकानातल्या पाकिटातलं कुत्र्यांचं खाद्य, उजव्यात महाराजांचा 'भैरवभोग'. दिसायला दोन्ही सारखेच, तपकिरी गोळे. महाराज हातात पिवळंजर्द लिंबू घ्यायचे.

"दुकानातल्या मालाला कुणाकुणाची नजर लागलेली असते, कुणाचा तळतळाट! आपण दुश्मनाच्या अन्नाचीसुद्धा दृष्ट काढतो. मन मोठं पाहिजे."

लिंबू वाडग्यावरून ओवाळलं जायचं, कापलं जायचं, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं जायचं. मग भैरवभोगावर चिमूटभर अंगारा. मग कुत्रं सोडायचं. कुत्रं डाव्या वाडग्याला नाक लावायचं, फुर्रकन शिंकायचं, मागं सरायचं आणि उजव्या वाडग्यावर तुटून पडायचं. पाच कुत्री सोडली, पाचही उजवीकडं.

"भैरवनाथाच्या नावानं..."

"चांगभलं!" मैदान दणाणलं. कुणी डोळे पुसले. मागून एकजण ओरडला, "क्या बात है, बाबा!"

करुणा खांबाला टेकून उभी होती. ती सातवीला विज्ञान शिकवायची, आणि वर्गात कुणी पाठ करून उत्तर दिलं की तिच्या कपाळावर जी आठी पडायची, ती आत्ता पडली होती. पुढच्या रांगेत तिची मोठी जाऊ रत्नमाला हात जोडून बसली होती. शेजारी भैरवभोगाची नवी पिशवी.

ती पिशवी बघून करुणा चडफडली. कारण घरी गुंड्या मरत होता.

गुंड्या रत्नमालाचा. गटारीच्या कडेला सापडलेलं पिल्लू. तिनं ड्रॉपरनं दूध पाजून वाढवलेलं. पावसाळ्यात त्याला खाज सुटली, अंगावर चट्टे पडले. कुणीतरी भैरवभोग सांगितला. आठवड्याच्या आत खाज थांबली, गुंड्या टणाटण उड्या मारायला लागला. झालं! रत्नमालाच्या गळ्यात कवडी आली.

मग तो बादलीभर पाणी प्यायला लागला आणि घरभर मुतायला लागला. महाराज म्हणाले, "पीडा पाण्यावाटे निघतेय." पोट सुटलं. "कृपा भरतेय." मग तो ओकायला लागला, आणि एक दिवस त्याच्या हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या. त्यावर महाराजांनी दोन्ही हात जोडून डोळे मिटले होते. "भाग्यवान आहेस, बाई. देवानं आतून भंडारा लावलाय."

भंडारा! करुणानं हे ऐकलं तेव्हा तिला भिंतीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं होतं.

जनावरांच्या डॉक्टर सुकेशनी यांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच. त्यांनी पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "कावीळ आहे. हे खाद्य आजच्या आज बंद करा, तर काही आशा. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

पण महाराजांनी आधीच बजावून ठेवलं होतं, भोग अर्धवट सोडला की उलटतो. रत्नमाला सलाइनला नाही म्हणत नव्हती, पण भोग सोडायला तयार नव्हती. गुंड्या वाडग्याकडं बघून मान फिरवायचा. ती भोग तुपात मळून त्याच्या जबड्यात बोटानं सारायची, आणि रडायची.

"जाऊबाई, त्याला नकोय ते. बघा की त्याच्याकडं!"

"तुझा विश्वास नाही ना, मग तू मध्ये पडू नको. आणि त्या डॉक्टरीणबाई तर म्हणणारच. त्यांना गोळ्या खपवायच्यात."

म्हणून करुणा मैदानावर आली होती. सुकेशनीताईंनाही तिनं बळंच आणलं होतं. गुंड्या वाचायचा असेल, तर जाऊबाईंच्या हातातली ती पिशवी आज सुटायला हवी होती.

सहावं कुत्रं सोडलं. फुर्रकन शिंकलं. आणि करुणाला एकदम घरचे पोहे दिसले. गुंड्या पोह्यांसाठी जीव टाकायचा, ताटलीपाशी शेपटी आपटत बसायचा. पण लिंबू पिळलं की नाक उडवून कॉटखाली पळायचा. सगळं घर हसायचं.

लिंबू! अख्ख्या मैदानाच्या डोळ्यांदेखत पिळलेलं लिंबू. कुणालाही दिसलं नव्हतं, कारण सगळ्यांना दृष्ट दिसत होती.

ती रांगा ओलांडत थेट चौरंगापाशी गेली आणि तिनं नमस्कार केला. अगदी वाकून.

"महाराज, एक विनंती आहे. दुकानातल्या मालाची दृष्ट काढता, तशी आपल्या भोगाचीही काढा. एवढी गर्दी आहे, कुणाकुणाची नजर पडत असेल."

महाराज गोड हसले. "प्रसादाला नजर लागत नाही, बाई."

"लागत नाही ना? मग लिंबानं काय बिघडणार? उलट जास्त पवित्र होईल."

"व्हय की!" मागून मुंजाबा भाबडेपणानं म्हणाला. "काढा की महाराज. लिंबाचं काय जातंय?"

"काढा, काढा!" बायाही म्हणाल्या. माणसं भोळी असली की दोन्ही बाजूंनी भोळी असतात.

"आजची लिंबं संपली," महाराजांचा आवाज जरा करडा झाला.

"घ्या ना, माझ्या भाजीच्या पिशवीत हायती!" एका बाईनं दोन लिंबं पुढं सरकवली.

करुणानं वाट बघितली नाही. दोन कोरे वाडगे घेतले. एकात भैरवभोग ओतला, त्यावर अख्खं लिंबू पिळलं. दुसऱ्यात दुकानातलं खाद्य, कोरडं, तसंच. "मुंजाबा, तुमचा लांडग्या भुकेला आहे का?"

"त्यो कवा नसतो?"

लांडग्या आला. भोगाला नाक लावलं. फुर्र! दोन पावलं मागं. मग दुसऱ्या वाडग्यात तोंड घातलं आणि कडाकडा चावत सगळं संपवलं.

मुंजाबा डोळे फाडून बघत राहिला. "आँ? आरं, ह्यो मेलेलं कोकरू सोडत नाय, आन् परसाद सोडला?"

"कुत्र्यांना लिंबाचा वास सोसत नाही," करुणा म्हणाली. आवाज चढला होता, आता तिला तो उतरवायचा नव्हता. "एवढीच ह्यांची सिद्धी. आता तो अंगारा द्या इकडं." तिनं सेवेकऱ्याच्या ताटातून चिमूट उचलली आणि पुढच्या रांगेतल्या बायांच्या नाकापुढं धरली. "घ्या वास. धूप बाजूला ठेवून घ्या."

"अगं बया!" पहिली बाई ओरडली. "ही तर सुकट!"

वाळवलेल्या मासळीची पूड राखेत कालवलेली. निम्म्या बायांनी तीच कपाळाला लावली होती, त्यांत तीन माळकरी. पदरानं कपाळं पुसायची एकच घाई उडाली. दुसरा दिवस असता तर करुणा पोट धरून हसली असती.

"नास्तिकाची सावली पडली!" महाराज गरजले. "जनावरं बावरली! मी म्हणालो होतो, मुकं जनावर..."

"खोटं बोलत नाही. बरोबर!" करुणा गर्रकन वळली, पण महाराजांकडं नाही, जावेकडं. "जाऊबाई, ऐकलंत? खोटं बोलत नाही. मग गुंड्या किती दिवस मान फिरवतोय? ओकून दाखवतोय, कॉटखाली लपतोय. अजून काय करायला हवं होतं त्यानं, अर्ज लिहून द्यायला हवा होता?"

रत्नमाला उभी राहिली. "पण... त्याची खाज थांबली होती ना गं?"

उत्तर सुकेशनीताईंनी दिलं, शांतपणे. "थांबणारच. स्टेरॉइडची गोळी कुटून घातली की खाज थांबते, तरतरी येते, भूक लागते. मग तहान, लघवी, सुटलेलं पोट. तपासणीत नक्की कळेलच, पण माझ्याकडं अशी कितीतरी कुत्री आलीत, सगळी हेच खाणारी." त्यांनी रत्नमालाच्या हातातली पिशवी घेतली. तिच्यावर भैरवाचं चित्र होतं, त्रिशूळ होता, 'कृपाप्रसाद' होतं. आत काय आहे ते नव्हतं, कुणी बनवलं ते नव्हतं, कधी बनवलं तेही नव्हतं. त्यांनी एक गोळा दगडानं ठेचला आणि हात सगळ्यांपुढं धरला. बंद कोठीचा कुबट वास आला. "बुरशी लागलेली मका. तिचं विष उकळूनही जात नाही, थेट लिव्हर खातं. चव सुकटीची, तरतरी गोळीची आणि मरण बुरशीचं. हा तुमचा भोग."

तेवढ्यात रत्नमालाचा नवरा रामकिसन तिला न्यायला आला. लासूर स्टेशनच्या बाजारात त्याची धान्याची आडत. गर्दीतून वाट काढत तो पुढं आला आणि अंगाऱ्याचं ताट धरलेल्या सेवेकऱ्याला बघून मोकळेपणानं म्हणाला, "अरे अजिनाथ! तू इथं कसा? अन् ही कफनी रे काय घातलीस?"

सेवेकरी पांढरा पडला.

"तुम्ही ओळखता ह्यांना, भाऊजी?" करुणानं विचारलं.

"ओळखतो म्हणजे? आपली डागी मका उचलणारी पार्टी आहे ही! भिजलेली, काळी पडलेली, कुणी हात लावत नाही ती..." रामकिसन बोलता बोलता अडखळला. ठेचलेला गोळा, बायकोचं तोंड, सगळीकडं एकदा बघितलं. "मला वाटलं, कुत्र्या-कोंबड्यांच्या खाद्याला जातेय. जनावरालाच तर घालायचीय, म्हणून..."

रत्नमालानं सुकेशनीताईंच्या हातातली पिशवी ओढून घेतली, उपडी केली आणि चपलेनं गोळे मातीत रगडत राहिली. महाराजांची गाडी कधी निघाली ते कुणाला कळलं नाही. माइक तेवढा मागं राहिला. रीतसर तक्रार झाली, भोगाच्या पिशव्या तपासणीला गेल्या. ते सगळं झालं.

गुंड्या मात्र राहिला नाही. सलाइन चालू असतानाच, रत्नमालाच्या मांडीवर गेला. फार उशीर झाला होता.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी लासूरला गेली, आडतीच्या कोपऱ्यात उरलेली डागी मका पदरात भरून आणली, निवडली नाही, धुतली नाही, तशीच दळली. संध्याकाळी भाकरी थापली. रामकिसनच्या ताटात वाढली. सोबत वांग्याचं भरीत, ठेचा, कांदा, सगळं सुरेख. करुणा दारात उभी होती, तिला आत जायचा धीर झाला नाही.

रामकिसननं तुकडा मोडला. नाकाशी नेला. खाली ठेवला.

"जेवा की," रत्नमाला म्हणाली.

"वास मारतोय गं. विष आहे हे."

"कसं कळलं?"

त्यानं मान खाली घातली. मग उठला, हात धुतले, आणि रात्रीची गाडी पकडून लासूरला गेला. सकाळी त्यानं उरलेल्या ढिगावर चुना टाकून तो खड्ड्यात पुरला. शेजारचे आडते हसले. "रामकिसनशेठ, पैसा पुरताय व्हय? कोंबडीवाला घिऊन गेला असता की!" रामकिसन म्हणाला, "घेऊन गेला असता, म्हणून तर पुरतोय."

श्वानानंद आज नाहीतर उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या कफनीत उभा राहील. त्याला पकडणं सोपं आहे; एक लिंबू पुरतं. पण त्याला माल कुणी पुरवला? 'जनावरालाच तर घालायचंय' या तीन शब्दांनी. अंगारा, उतारा, दृष्ट यांच्याइतकीच ही पण अंधश्रद्धा आहे, की कुत्र्याचं पोट म्हणजे पोट नव्हे, त्यात काहीही ढकललं तरी चालतं. ती आडतीवर चालते, कारखान्यात चालते, आणि परदेशी कुत्र्याचा फोटो छापलेल्या चकचकीत पाकिटातही चालू शकते. त्रिशूळाला भुलू नका, तसं चकाकीलाही भुलू नका. पाकीट उघडा, हातात घ्या, वास घ्या. आत काय आहे, कुणी बनवलं, कधी बनवलं, ते छापलेलं नसेल तर दुकानदाराच्या तोंडावर विचारा. सांगता आलं नाही तर तिथंच ठेवून या. कुत्र्याला दोन घास साधा भात आणि अंडं घातलं, तर कुठलाही देव कोपत नाही. आणि तरीही त्यानं मान फिरवली, तर महाराजांकडं नका जाऊ. डॉक्टरकडं जा, आणि त्याच दिवशी जा.