अंगात साठलेलं लोह

रक्ताचा कॅन्सर झाल्यापासून रत्नपाल घरात एकटाच असायचा. एके दिवशी पालीहून थोरली बहीण चंदाबाई खजूर आणि परसातल्या माठाची भाजी घेऊन आली.

"खा, रक्त वाढंल," ती दारातून म्हणाली.

"ताई, सारखं रक्त चढवून अंगात लोह जास्तच झालंय. त्यावर बुरशी जोर धरते, असं डॉक्टर म्हणतात. मातीतही बुरशी असते, म्हणून माती लागलेली भाजी आत नको."

"मी तर येऊ ना?"

सकाळी पेंढा रचून ती तशीच निघाली होती. लुगड्यावर पेंढ्याची धूळ होती, तिच्यातही बुरशी असणार. रत्नपालने नको म्हणून मान हलवली.

ती अंगणात थोडी बसली आणि एसटीच्या वेळेला निघाली. तिला थांबवावं असं रत्नपालला वाटलं, पण बंद खिडकीतून हाक मारण्याइतका दम त्याच्यात नव्हता.