मराठीत अंधार

आमोदच्या नव्या कीबोर्डवर टाइप होत होतं, पण संगणकाच्या लिनक्स प्रणालीवर बटणांखालचे दिवे काही केल्या लागेनात. मंडईत जायचं राहिलं, जेवण गार झालं, इंटरनेटवरचे फोरम पालथे घातले. जो तो म्हणे, कंपनीला विचारा. कंपनी म्हणे, विंडोज वापरा. शेवटी कुठल्याशा कमांडने बटणं लख्ख उजळली. सोसायटीची नोटीस लिहायला त्याने मराठी निवडलं आणि दिवे विझले. इंग्रजी निवडलं, लागले. पुन्हा मराठी, पुन्हा अंधार!

"पुण्यात राहून मराठीचं वावडं? या डबड्याला?" तो कडाडला.

त्याच्या आईने, सुहासिनीबाईंनी, चष्मा लावून कीबोर्ड नीट न्याहाळला.

"अरे, यावर मराठी अक्षर एकही नाही. दिवे लागले असते तरी बघणार काय होतास?"