जिना चढल्यावरची नाडी

भीमराज पिंपरीच्या एका कारखान्यात लोखंडी पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर कामाला होता. लहानपणी आलेल्या सांधेदुखीच्या तापानं त्याच्या हृदयाची झडप बिघडली होती. तिशी ओलांडली आणि ठोके वेडेवाकडे पडू लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डिजॉक्सिनची रोज एक गोळी दिली. ठोके वेडेवाकडेच राहतील, पण वेग आवरेल, असं त्यांनी समजावलं.

बसून असला की बरं वाटे. पत्रे उचलले की नाडी उधळायची, धाप लागायची. "भाऊ, टेका जरा," असं शेजारचे म्हणत आणि त्याचे कान गरम होत. हलकं काम मागितलं तर कामचुकार म्हणतील. त्यानं कुणाला न विचारता गोळ्या वाढवल्या, आधी दोन, मग तीन.

मळमळ सुरू झाली. दिव्यांभोवती पिवळी कडी दिसू लागली. एका दुपारी तो मशीनपाशीच ओकला आणि झोकांडी जाऊन पडला.

फोरमन यशवंतराव वाकून म्हणाले, "दिवसाढवळ्या घेतलीस?"

आजार सांगितला तर प्रेस जाणार. भीमराज मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, साहेब."

बातमी रहाटणीला, त्याच्या वस्तीत पोचली. त्याचे वडील साहेबराव, म्हणजे आबा, यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच दारू सोडली होती, वस्तीतल्या कितीकांची सोडवली होती. दुसऱ्या सकाळी भीमराज पाय ओढत कामावर पोचला, तर आबा कारखान्याच्या फाटकापाशी यशवंतरावांसमोर हात जोडून उभे.

"पोराला पदरात घ्या. माझंच शिकवणं कमी पडलं."

भीमराजला तिथं उभं राहवेना. "आबा, मी प्यालो न्हाई. गोळ्या जास्त खाल्ल्या."

"मग हो कशाला म्हणालास?" यशवंतरावांनी विचारलं.

"आजारी म्हणवून घ्यायची लाज वाटली."

"आन् दारुड्या म्हणवून घ्यायची न्हाई वाटली?" आबा म्हणाले.

यशवंतरावांनीच त्याला दवाखान्यात पोचवलं. जादा गोळ्यांनी नाडी फार मंद झाली होती. गोळ्या बंद करून त्याला काही दिवस इस्पितळात ठेवलं. तो सावरल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला जिना चढायला लावला आणि वर पोचताच मनगट धरलं.

"बसल्यावर ही गोळी नाडी आवरते, श्रमात तिचा लगाम सुटतो," त्या म्हणाल्या. "मी तुझी नाडी नेहमी खुर्चीवरच पाहिली. दमा नाही ना तुला? असला तर दुसरी गोळी चालायची नाही."

नाही म्हटल्यावर त्यांनी डिजॉक्सिन पुन्हा एकावर आणून जोडीला श्रमातही नाडी आवरणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं. पुढच्या खेपेला जिना चढूनही नाडी फारशी उधळली नाही. प्रेस मात्र सुटला. यशवंतरावांनी त्याला हत्यारांच्या खोलीत बसवलं.

भीमराज वस्तीत घरोघर जाऊन खरं सांगून आला. शेजारची चिमाबाई म्हणाली, "तू पितोस हे आमी तर खरंच धरलं व्हतं."

आबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. बाजारात जाताना ते त्याच्यासाठी मुद्दाम सावकाश चालत. तेवढं सावकाश चालायची गरज आता उरली नव्हती, पण ते सांगायला भीमराजची जीभ रेटत नसे.