गच्चीवरचं नाव

श्रीनिवासराव परचुऱ्यांना रोज सकाळी एकच त्रास व्हायचा आणि त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नव्हतं. लक्ष्मी रोडवरच्या मोतीवाला बिल्डिंगमध्ये त्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. शटर वर करायच्या आधी त्यांची मान आपोआप मागे वळायची. समोरच्या काचेच्या इमारतीच्या गच्चीवर, भर उन्हातसुद्धा दिवे चालू ठेवून, भलंमोठं नाव झळकत असायचं: ‘परचुरे युनिफॉर्म्स’. हे परचुरे म्हणजे सलिल, श्रीनिवासरावांचा चुलतभाऊ. धंद्यातून वेगळा झाला तो थेट समोरच जाऊन बसला. बसला तर बसला, पण डोक्यावर पाटी केवढी लावली! श्रीनिवासरावांना सकाळचा चहा गोड लागेनासा झाला होता.

“अहो, रोज दर्शन घेताच आहात, तर एखादा हार तरी घाला त्या बोर्डाला,” त्यांची बायको आनंदी काउंटरमागून म्हणायची.

“तुला गंमत सुचतेय! दोन्हीकडे परचुरेच. मग खरे परचुरे कोण? ज्यांचं नाव मोठं दिसतं ते!”

“गिऱ्हाईक काही कमी झालंय का आपलं?”

यावर श्रीनिवासराव उगाच गणवेशांच्या घड्या नीट करू लागायचे. कारण गिऱ्हाईक कमी झालं नव्हतं. जूनमध्ये त्यांच्याही दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पण सलिलच्या दारात एखादी आई मुलाचं बोट धरून शिरली, की आपल्याच घरातलं कुणीतरी पळवून नेल्यासारखं त्यांना वाटायचं. मत्सर म्हणतात तो हाच, मंडळी. आपलं ताट भरलेलं असताना तो शेजारच्याच्या ताटातले पापड मोजतो.

आता या मोतीवाला बिल्डिंगबद्दल सांगायला हवं. शंभरीला टेकलेली इमारत. पुढून बघावी तर काळ्या दगडाच्या कमानी, वर सागवानी गॅलऱ्या, बघत राहावं असं काम. मागून मात्र बघू नये. मागे भिंतींना फुगवटे, संडास सामाईक आणि जिना इतका उभा, की धडधाकट माणसानंही कठड्याला धरूनच उतरावं. वारसा म्हणून नोंदलेली वास्तू, त्यामुळे सरसकट पाडायची सोय नाही. बऱ्याच बैठकांनंतर सगळ्यांना पटेल असा मार्ग निघाला होता. दर्शनी बाजू आहे तशी जपायची, मागचा भाग नव्यानं बांधायचा, भाडेकरूंना तिथेच जागा द्यायची आणि लिफ्ट बसवायची. वारसा समितीची अट होती, की दुकानांच्या पाट्या कमानीच्या आत राहतील आणि गच्चीवर काहीही उभं करायचं नाही. सगळ्यांनी ती कबूल केली होती, श्रीनिवासरावांनीसुद्धा. आता फक्त एक शेवटची पाहणी राहिली होती.

लिफ्टची सगळ्यांत जास्त वाट बघत होते वरच्या मजल्यावरचे शमशुद्दीनचाचा. श्रीनिवासरावांच्या वडिलांच्या काळापासून दुकानाचं कापड बेतायचं काम त्यांच्याकडे. पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तेव्हापासून चाचा खाली उतरलेच नव्हते. जवळच्या गल्लीतली मशीद त्यांना गॅलरीतून दिसायची, पण जाता यायचं नाही. “लिफ्ट झाली की पहिल्या शुक्रवारी मी नमाजला जाणार,” हे वाक्य ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे.

इतकं सगळं जुळून येत असताना श्रीनिवासरावांच्या डोक्यात एक अस्सल पुणेरी युक्ती शिरली.

गणपती जवळ आले होते. गणपतीत या शहरात कुठेही काहीही टांगा, वर बाप्पाचं चित्र असलं की त्याला हात लावायला कुणी धजावत नाही! श्रीनिवासरावांनी गच्चीवर भलामोठा लोखंडी सांगाडा उभा करायला घेतला. फलकाच्या कोपऱ्यात बाप्पा, खाली बोटभर अक्षरांत ‘गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि मधोमध पुरुषभर उंचीचं ‘परचुरे’. सलिलच्या ‘परचुरे’पेक्षा हे ‘परचुरे’ मोठं आहे, याची त्यांनी रंगाऱ्याकडून दोनदा खात्री करून घेतली.

“गणपतीत गणवेश कोण घेतं हो?” आनंदीनं विचारलं.

“घेऊ देत नाहीतर नको घेऊ देत. त्याला दिसू दे!”

ठोकाठोकी ऐकून चाचांच्या पत्नी कमरजहां गच्चीवर आल्या. महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. निम्म्या पेठेसारखे श्रीनिवासरावही त्यांचेच विद्यार्थी, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना बाई म्हणायची.

“श्रीनिवास, शुभेच्छा एवढुशा आणि आडनाव एवढं? बाप्पाला चष्मा लागेल रे वाचायला.”

“बाई, गणपती उठले की उतरवतो.”

“उतरवायचं असतं तर बांबू बांधला असतास. तू तर गच्चीत बोल्ट ठोकतोयस. अरे, ही गच्ची सगळ्यांची. खालून जाणाऱ्या माणसाचीसुद्धा थोडी आहे. वाऱ्यानं हा सांगाडा निसटला, तर खाली कोण उभं आहे हे विचारून पडणार आहे का? म्हणून तर नियम केलेत.”

“मग समोरच्याचा चालतो तो?”

“चालतो असं कोण म्हणालं? त्याचं चुकलंय, तर तसं त्याला जाऊन सांग. सांगायचं धाडस नाही म्हणून आपणही तेच करायचं?”

श्रीनिवासराव चिडले. मनातलं कुणी नेमकं बोलून दाखवलं की माणूस चिडतोच. “बाई, तुम्ही शाळा केलीत, धंदा नाही केलात,” ते म्हणाले. बाई वळल्या आणि कठड्याला धरून खाली गेल्या.

फलक चढला! श्रीनिवासराव मुद्दाम रस्ता ओलांडून सलिलच्या दारासमोर उभे राहिले आणि तिथून त्यांनी आपलं नाव डोळे भरून पाहिलं. किती दिवसांनी त्यांच्या जिवाला थंडावा मिळाला.

तो थंडावा आठवडाभरही टिकला नाही. एका सकाळी गच्चीवर त्यांना अझीम दिसला, शेजारचा बॅगवाला. हातात मोजायची टेप.

“काय रे, इथे काय करतोस?”

“मापं घेतोय, भाऊ. यंदा ईद-ए-मिलाद पण गणपतीला लागूनच आहे. तुमच्या शुभेच्छा तशा माझ्या शुभेच्छा. तुमच्यापेक्षा फूटभर उंच घेतो, म्हणजे तुमच्या मागे झाकला जायचा नाही.”

“माझ्यापेक्षा उंच? शेजारधर्म काही आहे की नाही?”

“तुमचा चालतो, तर माझा का नको?”

मंडळी, हाच प्रश्न थोड्या दिवसांपूर्वी कुणी विचारला होता, हे श्रीनिवासरावांच्या ध्यानातही आलं नाही. दोघांची जुंपली. आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या तनयाताई वर आल्या आणि भांडण सोडवायचं टाकून, आपल्या क्लासच्या बोर्डाला कुठला कोपरा मिळेल ते विचारू लागल्या. एका माणसाची जळजळ अख्ख्या बिल्डिंगला लागली होती.

अशातच पाहणीसाठी समितीतर्फे ऋतिका नावाच्या अधिकारी आल्या. रस्त्यावरून त्यांनी कमानी पाहिल्या, गॅलऱ्या पाहिल्या, मग मान आणखी वर केली.

“हे काय?”

“शुभेच्छा आहेत, मॅडम,” श्रीनिवासराव पुढे होऊन म्हणाले.

“कुणाच्या? बाप्पाच्या की परचुऱ्यांच्या?”

सगळे हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. गच्चीवर जाऊन त्यांनी बोल्ट पाहिले आणि खाली येऊन एवढंच म्हणाल्या, “अट मोडलीत तुम्ही. बांधकामाच्या आधीच हे, तर नंतर काय कराल? तुमचा प्रस्ताव पुन्हा समितीपुढे जाईल. कधी, ते मला सांगता येणार नाही.”

झालं! सगळ्यांचे चेहरे पडले. अझीमनं टेप खिशात घातली. श्रीनिवासराव मात्र अजून समोरच बघत होते. “त्या सलिलला कुणी विचारत नाही!” ते पुटपुटले. आपण काय घालवलं, यापेक्षा त्याचं काही गेलं नाही, याचंच त्यांना जास्त दुःख होतं. पण फलक त्यांनी उतरवला नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी चाचांना ताप भरला, श्वास लागला. दवाखान्यात न्यायला रुग्णवाहिका आली, पण स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी चाचांना लाकडी खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं आणि रुग्णवाहिकेच्या दोघांबरोबर अझीम आणि श्रीनिवासराव यांनी खुर्ची उचलली. एकेक पायरी उतरताना चौघांच्या अंगाला घाम फुटला. मधल्या वळणावर दम खायला त्यांनी खुर्ची टेकवली.

“श्रीनिवास,” चाचा जड जिभेनं म्हणाले, “लिफ्टचं काय झालं रे? पाहणी झाली ना?”

श्रीनिवासरावांनी चमकून वर पाहिलं. वरच्या पायरीवर औषधांची पिशवी घेऊन बाई उभ्या होत्या आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली. बाईंनी चाचांना काही सांगितलंच नव्हतं! ना पाटीचं, ना श्रीनिवासच्या उर्मटपणाचं!

“चाचा, लिफ्ट राहिली,” श्रीनिवासराव म्हणाले. “माझ्यामुळे राहिली. मी गच्चीवर नाव लावलं म्हणून.”

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. “असं? मोठं आहे का नाव?”

“आहे.”

“आपल्याला नाही रे दिसलं. आपण त्याच्या खाली राहतो ना.”

हा टोमणा नव्हता. चाचा अगदी साधेपणानं बोलले होते आणि तेच श्रीनिवासरावांना सहन झालं नाही. अरे, ज्यांनी बेतलेल्या कापडावर आपल्या घराचं नाव झालं, त्यांची लिफ्ट आपण अडवली! कशासाठी? समोरच्या एका माणसाला खिजवण्यासाठी! ते तिथेच हुंदका देऊन रडले. मग अझीमनं खांद्यावर हात ठेवला आणि चौघांनी खुर्ची पुन्हा उचलली.

चाचांना दवाखान्यात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी श्रीनिवासराव माणसं घेऊन गच्चीवर चढले आणि सांगाडा उतरवला. बोल्टची भोकं बुजवून घेतली. तसेच उठून ते समितीच्या कार्यालयात गेले आणि म्हणाले, “चूक माझी एकट्याची आहे. तिची शिक्षा बिल्डिंगला देऊ नका.” ऋतिका मॅडमनी ऐकून घेतलं. पुढच्या बैठकीत विषय ठेवते म्हणाल्या, वचन मात्र दिलं नाही.

संध्याकाळी सलिल रस्ता ओलांडून आला. कित्येक वर्षांनी आला.

“उतरवलास? म्हणजे मी जिंकलो तर!” तो हसला, पण दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याचं हसू विरलं. “दादा, खरं सांगू? नवीन दुकान टाकलं, एवढी जाहिरात केली आणि लोक माझा पत्ता काय सांगतात, माहितेय? ‘मोतीवाला बिल्डिंगच्या समोर’! तुझ्या बिल्डिंगला लोक ओळखतात, मला नाही. इतका जळफळाट झाला माझा! म्हणून ती पाटी लावली. अजूनही पत्ता तोच सांगतात.”

श्रीनिवासराव त्याच्याशेजारी पायरीवर बसले. ज्याच्यावर आपण जळत होतो, तो आपल्यावर जळत होता! “मग आता तुझीही उतरव की,” ते म्हणाले. सलिल “बघतो” म्हणाला. त्याची पाटी अजून आहे, पण दिवसा दिवे बंद असतात. माणूस एकदम बदलत नाही.

चाचा बरे होऊन घरी आले. समितीनं विषय पुन्हा घेतला आणि होकारही दिला, पण होकार मिळाला म्हणून लिफ्ट उभी राहत नाही, त्याला अजून बराच अवकाश आहे. तोवर दर शुक्रवारी दुपारी श्रीनिवासराव आणि अझीम दुकानं सोडून, दोन नोकरांना घेऊन वर जातात आणि चाचांना खुर्चीतून मशिदीपर्यंत नेतात. मागच्या शुक्रवारी खुर्चीला सलिलचाही हात होता. “सावकाश रे,” चाचा ओरडत असतात, “कापडाचा तागा नाही हा!”

मंडळी, दुसऱ्यानं नियम मोडला म्हणून आपण मोडतो, तेव्हा आपली नजर त्या दुसऱ्यावर असते. किंमत मात्र मोजतो तो आपल्याच छताखालचा माणूस, ज्यानं आपलं काही वाईट केलेलं नसतं. म्हणून पाटी लावायच्या आधी समोरच्या गच्चीकडे बघू नका, आपल्या जिन्याकडे बघा. तिथे कुणीतरी खाली उतरायची वाट बघत बसलेलं असतं.