कोठारावरची खुर्ची

दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानात चौबळ सर माईकवर म्हणाले, "कोटाची भिंत तीन पुरुष उंच होती," आणि भिवरगाव ग्रंथालयाच्या सभागृहाची भिंत तीन पुरुष उंच झाली. धूळ उडाली नाही, आवाजही झाला नाही. छत वर गेलं, पंखे मात्र लांबलेल्या दांड्यांवर होते तिथेच फिरत राहिले. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "आता जरा मोकळं वाटतंय." लोकांनी माना डोलावल्या आणि सर पुढे बोलू लागले.

शालन कुलथे दाराशी उभी होती. तिला ते मोकळं अजिबात वाटलं नाही. पण इतिहास मंडळाच्या कामात ती पहिल्यापासून, आणि चालू व्याख्यानात मध्येच बोलायचं नाही हे सगळ्यांना बजावणारीही तीच. मग बोलणार कोणाला?

भिवरगावच्या या मंडळाची एक तऱ्हा होती. अठराशे अठरा साली कंपनीच्या पलटणीने गावच्या भुईकोटाला वेढा घातला, त्या लढाईवर दर उन्हाळ्यात पाच संध्याकाळ व्याख्यानं व्हायची. पहिल्या दिवसाआधी शालन सभागृहाच्या फरशीवर रांगोळीने अख्खा कोट काढायची. चार बुरूज, दरवाजा, विहीर, दारूकोठार, सगळं जिथल्या तिथे. खुर्च्या त्या नकाशावरच मांडायच्या, म्हणजे श्रोत्यांना लढाईत बसल्यासारखं वाटावं. बाहेरगावचे लोक या कल्पनेचं फार कौतुक करायचे. तिचा हात होताच तसा, एक रेघ वाकडी जायची नाही.

आणि गेल्या वर्षी पंख्याखालच्या जागेवरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली, तेव्हा शालननेच नियम करून घेतला होता. पहिल्या दिवशी ज्या खुर्चीवर रुमाल पडेल, ती खुर्ची पाचही दिवस त्याचीच. अदलाबदल नाही, सरकवासरकव नाही. यंदा तिने सगळ्यांच्या आधी जाऊन नवऱ्याचा रुमाल टाकला होता. मोरेश्वररावांना उकाडा सोसत नाही, म्हणून बरोबर मधल्या पंख्याखाली. खाली काय काढलंय हे त्या गडबडीत तिने बघितलंच नाही. बायको म्हणून जे कुणीही करेल तेच तिने केलं होतं.

त्या दिवशी शेवटी सर म्हणाले, "दरवाजे बंद झाले आणि वेढा पडला." झालं! आभार झाले, टाळ्या झाल्या, पण बसलेल्यांपैकी एकही माणूस उठला नाही. शालन उभी होती म्हणून बाहेर पडली. सर उभे होते, तेही बाहेर पडले. मंडळाच्या कार्यवाह प्रमिला जोगदंड दिवे मालवून म्हणाल्या, "यंदा मालिका चांगलीच रंगली हो."

सकाळी गावातल्या बायकापोरांनी डबे आणले. दाराच्या बाहेर ओळ लागली. बसायचं नाही, उभ्याउभ्याच डबा द्यायचा आणि बाहेर यायचं, एवढं ज्याचं त्याला समजलं होतं. शालनने मोरेश्वररावांना आवडतात म्हणून मेथीचे ठेपले नेले.

"अहो, उठून बघा ना जरा."

"उठतो की. तू आज मिठाचा हात आवरता घेतलास वाटतं?"

"चेष्टा नको. उठा."

त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून जोर केला. मग खाली बघितलं. चपलांचे तळ फरशीत गेले होते, वरची फरशी सारवल्यासारखी नीट बसली होती. "बसूनच बरं आहे," ते म्हणाले. "पंख्याचा वारा लागतो इथे."

तिसऱ्या संध्याकाळी सरांनी तोफा आणल्या. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला, तरी वाक्यं काही थांबेनात. "चौथ्या गोळ्याला पश्चिमेचा बुरूज ढासळला," ते म्हणाले. पश्चिमेच्या बुरुजावर बसलेली माणसं तिथे नव्हती. खुर्च्याही नव्हत्या. तिथे नुसतं आभाळ होतं आणि लांब नदीकाठी कंपनीचे तंबू दिसत होते. बाकीचे आपापल्या खुर्चीत थोडे सावरून बसले. दुसऱ्या दिवशी त्या माणसांच्या घरचे लोक डबे घेऊन आले, रिकाम्या जागेकडे बघून थोडा वेळ थांबले आणि डबे तसेच घेऊन परत गेले. एक बाई तेवढी भिंतीला टेकून रडली.

तेव्हा कुठे शालनने मोरेश्वररावांच्या खुर्चीखाली वाकून बघितलं. तिचीच रांगोळी. तिचंच वळण. दारूकोठार!

भिवरगावात लहान मूलसुद्धा सांगेल, पाचव्या दिवशी कोठार उडालं आणि लढाई संपली. गावची जत्रासुद्धा त्याच दिवशी भरते. दोन्ही हातांनी खुर्ची धरून तिने हिसडे दिले, पण खुर्ची जमिनीतून उगवलेली असावी तशी जागची हलली नाही. खुर्चीखाली आता गोणपाटाच्या थैल्या दिसत होत्या, तोंडं सुतळीने बांधलेली.

ती तडक प्रमिलाबाईंकडे गेली. "बाई, आमच्या ह्यांची जागा बदलून द्या."

"अगं, पण रुमाल टाकलाय ना तिथे?"

"मीच टाकलाय! मीच म्हणतेय, काढा म्हणून!"

"नियम तुझाच, शालन. आज तुला सोडलं, तर उद्या सगळे येतील." प्रमिलाबाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. त्यांचा मुलगा विहिरीच्या काठावर बसला होता आणि विहिरीचं काय होतं ते दोघींनाही माहीत होतं.

मग ती सरांच्या घरी गेली. सर ओसरीवर बसले होते, समोरचा चहा निवला होता. इथे माईक नव्हता, त्यामुळे ते बोलले तरी काही होत नव्हतं.

"सर, पाया पडते. ते कोठाराचं तेवढं सांगू नका."

"वहिनी, पश्चिमेच्या बुरुजावर माझा धाकटा भाऊ होता." सरांच्या ओठाला मोठी जखम होती. "मी जीभ चावून धरली, ओठ चावला. माईकसमोर गेलं की वाक्य आपलं आपण पुढे जातं. माझं कोण ऐकतंय?"

"मग जाऊच नका तिथे!"

"काल नाहीच गेलो. जेवायला बसलो होतो. घास तोंडात घातला आणि बघतो तर समोर माईक." त्यांनी निवलेला चहा बाजूला सारला. "प्रश्न आला तर मात्र थांबता येतं. श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही आपल्या मंडळाची रीत. तेवढं ते पाळतं."

ते म्हणजे कोण, हे शालनने विचारलं नाही. तिला भीती वाटली की त्याचंही उत्तर मिळेल.

चौथ्या दिवशी विहीर गेली. त्याबद्दल प्रमिलाबाई कधीच काही बोलल्या नाहीत.

पाचव्या संध्याकाळी शालन नवऱ्याच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. मोरेश्वरराव आता मांड्यांपर्यंत कोठाराच्या चौथऱ्यात होते. थैल्या रचून त्यांच्या कोपरांपर्यंत आल्या होत्या. ते हळूच म्हणाले, "तू घरी जा. दूध उतू जाईल."

"जाऊ दे उतू."

सरांनी घसा खाकरला, आणि शालनने हात वर केला. "सर, कोटातले लोक खात काय होते?"

सरांचे डोळे भरून आले. "ज्वारीच्या कण्या," ते म्हणाले, आणि सगळीकडे शिजत्या कण्यांचा वास सुटला.

"पहारा कधी बदलायचा? घोडी कुठे बांधायचे? किल्लेदाराला मुलंबाळं होती का?" ती विचारत गेली, सर सांगत गेले. कुठे घोडी फुरफुरली, कुठे तान्हं रडलं. सभागृह इतकं लांब झालं की सर एवढेएवढेसे दिसू लागले, पण माईकवरचा आवाज मात्र कानाशी होता. तिचा जीव थोडा भांड्यात पडला. वाटलं, असंच विचारत राहायचं. आयुष्यभर विचारू, हाय काय नि नाय काय!

मग तिला अतिशहाणपणा सुचला. "सर, कोठारातली दारू भिजली होती ना? त्या वर्षी वळीव झाला होता ना?"

सर थांबले. मान हलवून नको नको म्हणत होते, पण उत्तर आलंच. "नाही. दारू कोरडी ठणठणीत होती. पाऊस झाला नव्हता."

थैल्यांना जी ओल होती तीही गेली. सुतळ्या करकरल्या. शालनला पुढचा प्रश्न काही केल्या सुचेना. विचारायला गेलं की भीती, न विचारावं तरी भीती. एक क्षणभर, फक्त दम खाण्यापुरती, ती नवऱ्याच्या पायाशी टेकली.

टेकली आणि चुकली. उठायला गेली, तर लुगड्याचा काठ फरशीत होता. मग टाच. मग घोटा. फरशी थंड नव्हती, अंगाइतकी कोमट होती.

मोरेश्वररावांनी ते बघितलं. पाच दिवस चेष्टा करणारा तो माणूस, त्याचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. इतका घट्ट त्यांनी तो लग्नातही धरला नव्हता. मग दुसरा हात वर केला. आजवर कुठल्याच व्याख्यानात त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं.

"माझा एक प्रश्न आहे."

"विचारा, कुलथे."

"कोठाराच्या दाराशी त्या वेळी एक बाई बसली होती, असं कुणी कुणी म्हणतं. खरं आहे का हो ते?"

शालनला समजलं. "अहो, नको!" ती ओरडली. "सर, उत्तर देऊ नका!"

सर मोरेश्वररावांकडे बघत राहिले.

"नाही," सर म्हणाले. "कोठाराजवळ कुणीही बाई नव्हती."

शालन रस्त्यावर उभी होती. अजून कलतं ऊन होतं. शेजारच्या दुकानात कुणीतरी पेरू निवडत होतं. तिच्या उजव्या हाताची बोटं दुसऱ्या हातात असल्यासारखी वळलेली होती. ग्रंथालयाला दार नव्हतं, दाराच्या जागी चिरेबंदी भिंत होती. लिंबाच्या झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून सरांचा आवाज आला, "आणखी कुणाचा प्रश्न?"

"माझा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "सर, माझा आहे! माझा प्रश्न आहे!"

पेरूवाल्यानेसुद्धा मान वर केली नाही.

"नसेल, तर शेवटाकडे येऊ. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कोठाराच्या..."

भिंतीत एक खिडकी तेवढी उरली होती. गजांच्या आत, हाताला लागेल अशा जागी माईकचं मशीन होतं. शालनने हात घातला आणि हाताला आली ती वायर हिसडून काढली. कर्णा गप्प झाला. खिडकीतून, फार लांबवर, सर दिसत होते. त्यांचे ओठ अजून हलत होते. वायर मुठीत धरून ती ते ओठ वाचायचा प्रयत्न करू लागली.